माळाला नाव कोणी द्यावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला भाषणाला उभे केले आहे, याचे तुमच्याइतकेच मलाही नवल वाटते. आजवर या मंडळात मी पापड लाटले, हळदीकुंकवाच्या दिवशी पाट मांडले, भिशीचा हिशेब ठेवला. पण माईकपुढे कधी उभी राहिले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या नातीच्या त्या उपग्रहाच्या स्पर्धेची हकिगत सांगा.” मी म्हटले, “नातीलाच बोलवा की!” त्या म्हणाल्या, “नात इंग्रजीत सांगेल, तुम्ही आम्हाला समजेल असे सांगाल.” तेव्हा सातवी पास झालेल्या बाईला जेवढे समजले तेवढे सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

प्रथम स्पर्धा कसली ते सांगते. आपल्या वेळी स्पर्धा म्हणजे रांगोळीची, वक्तृत्वाची, फार तर संगीत खुर्ची. हल्ली कॉलेजातल्या मुलांच्या स्पर्धा निराळ्याच असतात. आकाशातून उपग्रह पृथ्वीची छायाचित्रे घेतात. ती मुलांनी घ्यायची, त्यांचा अभ्यास करायचा आणि सांगायचे की अमुक तलावातले पाणी किती आटले, अमुक भागातली झाडी किती घटली, पीक कोठे सुकले. जमिनीला हात न लावता दुरून तिची प्रकृती ओळखायची. या शास्त्राला दूरसंवेदन म्हणतात. वैद्य नाडी धरतो, तसा हा उपग्रह दुरून धरणीची नाडी पाहतो असे समजा.

अशा स्पर्धा आता जगभर भरतात. अमेरिकेची नासा ही संस्था 2012 सालापासून दरवर्षी अशी एक स्पर्धा घेते. तिच्यात देशोदेशीची मुले दोन दिवस बसून एकेक प्रश्न सोडवतात. आपल्याकडे 2021 साली मुंबईची आयआयटी, इस्रो आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी मिळून ‘मॅपेथॉन’ या नावाने नकाशे करण्याची स्पर्धा घेतली. भारताच्या स्वतःच्या उपग्रहांनी टिपलेल्या माहितीतून उपयोगी नकाशे काढायचे, असा तिचा हेतू होता. 2024 साली इस्रोने ‘भारतीय अंतरिक्ष हॅकेथॉन’ भरवली. या मोठ्या स्पर्धांच्या मागोमाग कॉलेजाकॉलेजांतून लहान स्पर्धाही होऊ लागल्या. माझी नात उतरली होती ती अशाच एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत. विषय होता, आपल्या जिल्ह्यातल्या जमिनीचा वापर आणि पर्यावरण.

आता तुम्ही म्हणाल, उपग्रहाची छायाचित्रे म्हणजे महागाचे काम, आपल्या मुलींना ती परवडतील कशी? मलाही तसेच वाटले होते. पण 2008 सालापासून अमेरिकेने आपल्या लँडसॅट उपग्रहांची जुनी-नवी चित्रे सर्वांना फुकट खुली केली. युरोपने 2015 साली ‘सेंटिनल-2’ या मालिकेतला पहिला उपग्रह सोडला, त्याचीही चित्रे फुकट मिळतात. आपल्या इस्रोचे ‘भुवन’ 2009 पासून आहे. ती चित्रे उघडून त्यांवर काम करायला ‘क्यूजीआयएस’ नावाचे साधन आहे, तेही बिनपैशाचे. म्हणजे लागते ते एक बरेसे संगणकयंत्र, चिकाटी आणि घरातल्यांची थोडी साथ. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ, हे मी पुढे सांगणारच आहे.

उपग्रहाला जमीन दिसते कशी, हे नातीने मला स्वयंपाकघरातच समजावले. चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. आपल्या सोलापुरात चादरीची नक्षी अगोदर चौकोनी रेघांच्या कागदावर मांडतात आणि एकेका चौकोनात एकेक रंग भरतात, तसेच हे. सेंटिनलच्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब नि दहा मीटर रुंद असतो. आपले नऊवारी लुगडे सरळ अंथरले तर त्या चौकोनात मावेल आणि वर वीतभर नव्हे, चांगली तीन-चार हात जागा उरेल. तेवढ्या जागेत जे काही असेल, त्या सगळ्याचा मिळून एकच रंग चित्रात उमटतो.

दुसरी मौज अशी की, आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेडही हा उपग्रह टिपतो. त्याला अवरक्त म्हणतात. हिरवे, टवटवीत पान तांबडा उजेड गिळून टाकते आणि हा अवरक्त उजेड मात्र मोठ्या प्रमाणात परत फेकते. मग या दोहोंतला फरक काढायचा, त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे, की एक आकडा मिळतो. तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये राहतो. भरघोस पीक असेल तर आकडा वर चढतो, उघडी काळी जमीन असेल तर शून्याच्या जरासा वर राहतो, पाणी असेल तर बहुधा शून्याच्या खाली जातो. झाले! हा आकडा म्हणजे हिरवेपणाचे माप.

हे ज्ञान आपल्याला नवे नाही बरे का. 1969-70 च्या सुमारास केरळात नारळीच्या झाडांवर रोग पडला होता. त्या वेळी पिशारोटी नावाच्या शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेतली आणि रोगट झाडे निरोगी झाडांतून वेगळी ओळखता येतात हे दाखवले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात त्या प्रयोगापासून धरतात. पुढे 17 मार्च 1988 रोजी आपला स्वतःचा आयआरएस-1ए हा उपग्रह वर गेला. त्या वेळी त्याच्या चित्रातला लहानात लहान चौकोन छत्तीस मीटरांचा होता. आता त्याहून कितीतरी बारीक दिसते.

असो. शास्त्र पुरे झाले. आता आमच्या घरातल्या भांडणाकडे वळते, कारण खरी हकिगत तेथेच आहे.

माझी नात आणि तिच्या दोघी मैत्रिणी, अशा तिघींनी मिळून सोलापूरच्या उत्तरेचा, बार्शी रस्त्याच्या बाजूचा भाग घेतला होता. तेथे शेती किती, पाणी किती, वस्ती किती आणि पडीक किती, याचा नकाशा करायचा आणि पर्यावरण सुधारण्यासाठी एखादी सूचना द्यायची. हे काम कसे करतात, तर आपण सुपात धान्य निवडतो तसे. संगणकाला काही नमुने दाखवायचे: हा बघ ऊस, हे बघ पाणी, ही घरे. मग तो उरलेले सगळे चौकोन त्या नमुन्यांशी ताडून निवडत जातो. त्यांनी चित्र निवडले एप्रिल महिन्याचे. का, तर त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असते. या उपग्रहाला ढगांतून दिसत नाही.

एके रात्री जेवणे झाल्यावर नातीने मोठ्या कौतुकाने मला तो नकाशा दाखवला. निळे पाणी, हिरवा ऊस, लाल घरे. आणि नान्नजच्या अलीकडे-पलीकडे भला मोठा करडा डाग. मी विचारले, “हे ग काय?”

ती म्हणाली, “ते पडीक, आजी. तेथे काहीच नाही. आम्ही सुचवले आहे की, तेथे दाट झाडी लावावी.”

भगिनींनो, त्या करड्या डागात माझे माहेर आहे.

मी तिला म्हटले, “अगं, हा तर आमचा माळ! येथे काही नाही असे तुला कोणी सांगितले?” ती म्हणाली, “संगणकाने. आणि जुन्या नकाशातही तसेच आहे.” मग तिने मला दाखवले. देशातल्या पडीक जमिनींचा एक मोठा सरकारी नकाशासंग्रह 2000 साली निघाला, त्याची पाचवी आवृत्ती 2019 साली आली. तोही उपग्रहांच्या चित्रांवरूनच केलेला आहे. त्यात झुडपी माळाची जमीन ‘पडीक’ या मथळ्याखालीच मोजतात. मुलींनी नकाशा केला तो उपग्रहाच्या चित्रावरून, आणि तो बरोबर आहे की नाही हे तपासले या असल्या जुन्या नकाशाशी ताडून. दोन्हीकडे ‘पडीक’ लिहिलेले. मग काय, शंभरांत त्र्याण्णव गुण! वर्गात पहिल्याने चूक करावी, दुसऱ्याने त्याचे बघून लिहावे आणि मास्तरांनी दोघांची उत्तरे जुळली म्हणून शाबासकी द्यावी, त्यातलाच हा प्रकार.

मला राग आला. त्या रागाचे कारण सांगते. 1972 च्या दुष्काळात मी जाणती मुलगी होते. शेतात काडी नव्हती. वडिलांनी आदल्या सालचे माळावरचे गवत कापून गंज रचली होती, तिच्यावर आमच्या दोन गाई तगल्या. कुसळी, पवन्या, मारवेल ही त्या गवतांची नावे. धनगरांच्या मेंढ्या त्याच माळावर येत. पहाटे चंडोल वर चढत चढत गात असे. काळविटांचे कळप आम्ही शाळेला जाताना पाहत असू. आणि माळढोक! तो भला मोठा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडे घालतो, तेही बहुधा एकच. त्याला लांबवर दिसले पाहिजे, म्हणून दाट झाडी त्याला नको असते. त्याच्यासाठीच 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात मिळून दोनशेही माळढोक उरलेले नाहीत, आणि आपल्या भागात तर त्याचे दर्शनच दुर्मिळ झाले आहे.

नात म्हणाली, “आजी, झाडे लावणे वाईट का?”

मी म्हटले, “झाड वाईट नाही ग. पण जेथे गवताचा संसार आहे तेथे तू झाडाचा संसार थाटणार, तर गवताने जायचे कोठे? मेंढरांनी जायचे कोठे?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पण चित्रात तर मला काढणी झालेले शेत आणि तुझा माळ दोन्ही सारखेच दिसतात. मी ते वेगळे कसे ओळखू?”

प्रश्न रास्त होता. एप्रिलमध्ये ज्वारी निघालेली असते, शेतात धसकटे उरलेली असतात. माळावरचे गवतही वाळून पिवळे पडलेले असते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. मी जरा विचार केला आणि तिला म्हटले, “तू चैत्रात कशाला बघतेस? भाद्रपदात बघ.”

आपला सोलापूर जिल्हा रब्बीचा. आपली काळी राने पावसाळ्यात बहुतेक मोकळीच ठेवलेली असतात, नांगरून-कुळवून ओल साठवत. उत्तरा-हस्ताच्या सुमारास ज्वारी पेरायची, मार्गशीर्ष-पौषात हुरडा, माघ-फाल्गुनात काढणी. म्हणजे श्रावण-भाद्रपदात रान काळे आणि माळ हिरवा! मार्गशीर्षात पाहाल तर रान हिरवे आणि माळ पिवळा. ऊस असेल तर बारा महिने हिरवा. हे कोणत्याही शेतकऱ्याच्या बायकोला ठाऊक असते. तिला हे शास्त्र आहे असे मात्र कोणी सांगितलेले नसते.

नात उठलीच. तो उपग्रह आणि त्याचा जोडीदार मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. त्यामुळे पावसाळ्यातलाही एखादा उघडिपीचा दिवस सापडतो. आपल्याकडे उघडीप काही कमी नसते. गणपतीनंतरचे एक चित्र तिला स्वच्छ मिळाले. ते तिने मार्गशीर्षातल्या आणि चैत्रातल्या चित्रांशेजारी ठेवले. हिरवेपणाचा तो आकडा तिन्ही वेळी काढला. आणि काय सांगू! जो एकच करडा डाग होता तो दुभंगला. एक भाग पावसाळ्यात हिरवा झाला, दुसरा हिवाळ्यात. माळ आणि रान वेगळे झाले. नातीने रात्री अकरा वाजता मला उठवून ते दाखवले. सूनबाई रागावली, पण मला मुळीच राग आला नाही.

येथे हकिगत संपली असती तर मी तुमच्यापुढे केवळ स्वतःची फुशारकी मारली असे झाले असते. पण पुढे माझीही फजिती व्हायची होती.

त्यांच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, “आजींचे म्हणणे पटते, पण स्पर्धेत ‘आजी म्हणाली’ असे लिहिता येत नाही. प्रत्यक्ष जागेवर जा आणि बघून या.” आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा. नकाशावरची ठिकठिकाणची काही ठिकाणे आपल्या पसंतीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडायची. फोन हातात धरून नेमक्या त्या जागी जाऊन उभे राहायचे आणि तेथे खरोखर काय आहे ते लिहून घ्यायचे. त्यांनी चाळीस ठिकाणे निवडली.

आता आली का पंचाईत! तीन तरुण मुली, उन्हातान्हात, आडरानात. माझा मुलगा म्हणाला, “काही गरज नाही. संगणकावर काय व्हायचे ते होऊ दे.” मी म्हटले, “मी जाते बरोबर.” तो हसला. पण मी खरोखरच गेले. मार्गशीर्षातल्या दोन रविवारी, एसटीने, डब्यात भाकरी-पिठले बांधून. नातीबरोबर एक मैत्रीण आली. तिसरीला घरून परवानगी मिळाली नाही. ती घरी बसून आकडेमोड करणार असे ठरले.

चाळीस ठिकाणी फिरताना माझे पाय दुखले ते दुखलेच, पण डोळे उघडले. एका ठिकाणी मी दुरूनच सांगितले, “हा माळच, लिहा.” नात म्हणाली, “आजी, संगणक म्हणतो की, येथे बारा महिने हिरवे आहे.” मी म्हटले, “संगणकाला काय कळते? माझा जन्म येथला!” उतार चढून वर गेलो तर पुढे डाळिंबाची बाग. ठिबकच्या नळ्या, तारेचे कुंपण, सगळे काही. माळ नांगरून बाग करूनही कित्येक वर्षे झाली असावीत. मी ज्या माळाविषयी भांडत होते तो पन्नास वर्षांपूर्वीचा, माझ्या मनातला. उपग्रहाने मला आजचा दाखवला. मी खाली मान घालून म्हटले, “लिही बाई, डाळिंब.”

उलटही झाले. एका ठिकाणी नव्या नकाशात माळ होता, तेथे एका मेंढपाळाने सांगितले की ते विहिरीकाठचे राखलेले वैरणीचे गवत आहे, मालक पाणी देतो. दुसऱ्या ठिकाणी नकाशात पडीक होते, तेथे खरोखरच खडीची खाण निघाली. तो मेंढपाळ मुलींच्या फोनमधले चित्र पाहून म्हणाला की, आपली वाट यात दिसते का? मुलींनी ती शोधून दाखवली. बिचारा खूश झाला. मग त्याने आम्हाला आणखी तीन ठिकाणे बिनचूक सांगितली.

सगळा हिशेब केल्यावर काय निघाले? त्र्याण्णव गुणांचा तो पहिला नकाशा जागेवर तपासला तेव्हा चाळीसांत सत्तावीसच ठिकाणी बरोबर होता. तीन ऋतूंची चित्रे घेऊन केलेला नवा नकाशा चौतीस ठिकाणी बरोबर निघाला. म्हणजे शंभरांत पंच्याऐंशी. मुलींच्या पुढे पेच पडला. त्र्याण्णव लिहावे की पंच्याऐंशी? इतर गटांचे आकडे नव्वदाच्या पुढचे होते, हे त्यांच्या कानावर आले होते. नातीने मला विचारले. मी म्हटले, “भिशीच्या हिशेबात चार रुपये कमी पडले, तर मी ते लिहिते की लपवते?” तिने पंच्याऐंशी लिहिले. जी सहा ठिकाणे चुकली त्यांची यादीही जोडली आणि झाडी लावण्याची सूचना काढून टाकली. तिच्याऐवजी लिहिले की, या माळाला पडीक न म्हणता गवताळ माळ म्हणून वेगळे मोजावे.

नंतर मला कळले की, असे म्हणणारी माझी नात एकटी नाही. मधुसूदन आणि वनक या संशोधकांनी अलीकडे उपग्रहांच्याच साह्याने देशातल्या अशा मोकळ्या, गवताळ प्रदेशांचा नकाशा केला आहे. देशाच्या भूमीच्या सुमारे दहाव्या हिश्शावर असे प्रदेश आहेत. ज्या साधनाने माळाला एकदा ‘पडीक’ ठरवले, त्याच साधनाने त्याला पुन्हा त्याचे नाव देता येते. साधनाचा दोष नाही. वरून रंग दिसतो. त्या रंगाला नाव माणूस देतो. आणि ते नाव एकदा नकाशावर चढले की, त्यावरून पुढे जमिनीचे काय करायचे ते ठरते. येथे खड्डे खणा, येथे कारखाना काढा, ही जागा रिकामीच आहे! म्हणून नाव देणाऱ्याने एकदा तरी तेथे जाऊन उभे राहिले पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी मीही मागच्या बाकावर बसले होते. परीक्षकांनी विचारले, “तुमचा आकडा इतरांपेक्षा कमी का?” नात म्हणाली, “सर, आम्ही चाळीस ठिकाणी प्रत्यक्ष उभे राहून मोजला आहे.” सभागृहात जरा शांतता झाली. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, तो नेमका तिसऱ्या मुलीला. “सतराव्या ठिकाणी काय पाहिलेत? ते ओळखायला अवघड का गेले?”

भगिनींनो, ही मुलगी तिघींत सर्वांत हुशार. हिरवेपणाचे सगळे आकडे तिने काढले होते, नव्या नकाशाची जुळणी तिचीच. पण ती सतराव्या ठिकाणी गेली नव्हती. ती काही बोलली नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या नातीने चटकन उत्तर दिले, वेळ निभावली. पण खाली आल्यावर ती मुलगी मला एवढेच म्हणाली, “आजी, मला ते कागदावर पाठ होते. पण पाहिले नव्हते ना, म्हणून शब्द फुटला नाही.”

पहिले पारितोषिक दुसऱ्या गटाला गेले. त्यांनी उजनीच्या जलाशयाचा अभ्यास केला होता, तो खरोखरच चांगला होता. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात किती खोल गेले होते हे आपण विसरलेलो नाही. ते त्यांनी महिन्यामहिन्याच्या चित्रांतून दाखवले. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची कित्येक वर्षे सवय झालेल्या आपल्या शहराला तो विषय जिव्हाळ्याचाच. आमच्या मुलींना उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. तिघींची नावे एका ओळीत पुकारली. दोघी हसत गेल्या, तिसरी मागून गेली.

त्या मुलीची आई कदाचित येथे बसली असेल, कदाचित नसेल. मी नाव घेणार नाही आणि दोषही देणार नाही. तिची भीती खरी आहे. माझ्या मुलाचीही तीच भीती होती आणि मला माझ्या मुलीच्या वेळी तीच वाटली होती. काळ तसाच आहे. पण भीती घालवायचा उपाय मुलीला घरी बसवणे हा नव्हे. तिच्याबरोबर कोणीतरी जाणे हा आहे. मुलगी घरी राहिली तर तिच्या हाती चित्र राहते आणि जमीन दुसऱ्यांच्या हाती जाते.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. मागणी मोठी नाही, पैशाचीही नाही.

पहिली अशी की, आपल्या वस्तीतल्या ज्या मुली पुढील वर्षी अशा कोणत्याही अभ्यासासाठी बाहेर जाणार असतील, त्यांच्याबरोबर मंडळातल्या दोघी-दोघी पाळीने जाव्यात. आपण देवदर्शनाला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करतोच. एक रविवार हिप्परग्याच्या तलावावर किंवा नान्नजच्या माळावर गेला तर काय बिघडले? मी स्वतःचे नाव पहिले देते. माझे गुडघे परवानगी देतील तोवर.

दुसरी सूचना अशी. आपल्यातली प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या गावची लेक आहे. कोणाचे माहेर अक्कलकोटकडे, कोणाचे माढ्याकडे, कोणाचे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटत असे, ओढ्याला कधीपर्यंत पाणी असे, माळ कोठवर होता, हे आपल्याला आठवते. उपग्रहांची चांगली चित्रे 1972 नंतरची. त्याआधीचे चित्र आपल्या डोक्यांतच आहे, आणि ते आपल्याबरोबरच जाणार. मुलींनी विचारले तर सांगा. न विचारले तरी सांगा. मात्र सांगताना माझ्या डाळिंबाची आठवण ठेवा! आपली आठवणसुद्धा एकदा जागेवर जाऊन तपासावी लागते.

कंबर तलावावर जलपर्णी माजली तर संगणक तिला हिरवे शेत समजू शकतो. वीस पावलांवर राहणारी बाई समजणार नाही. आणि त्याच बाईला तलाव गेल्या दहा वर्षांत किती आखडला हे सांगता येणार नाही, ते उपग्रह सांगेल. दोघांनी एकमेकांना विचारले पाहिजे. मधे ही मुलगी उभी आहे, तिला आपण जाऊ दिले पाहिजे.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट सांगते. ती तिसरी मुलगी गेल्या महिन्यात आमच्या घरी आली होती. यंदाच्या स्पर्धेत ती पुन्हा उतरते आहे, विषय हिप्परग्याचा तलाव. 1871 साली पुरा झालेला तो तलाव दर उन्हाळ्यात किती उरतो, ते तिला पाहायचे आहे. मी विचारले, “जागेवर कोण जाणार?” ती म्हणाली, “आई येते म्हणाली आहे.”

 ज्यांना रविवारी यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. वही आणि पेन्सिल मी आणली आहे.